पीएचडीच्या मधोमध तीन महिने बाहेर: हे नक्की काय प्रकरण असतं?

पीएचडीच्या चौथ्या वर्षात मी तीन महिने लॅब सोडून फोर्टातल्या, लोकांना पेटंट काढून देणाऱ्या एका खासगी ऑफिसात जाणार, हे घरी सांगितलं तेव्हा आत्या चहा गाळत होती. गाळणं तसंच धरून तिने विचारलं, "म्हणजे सुटली का गं पीएचडी?"

"नाही गं आत्या. तीन महिन्यांनी परत लॅबमध्येच जायचंय."

"मग ते पगार देणारेत?"

"नाही."

"मग जातेस कशाला?"

आत्या डोंबिवलीत राहते आणि आयुष्यभर बँकेत होती, त्यामुळे हिशेबात तिला फसवता येत नाही. तिचे तिन्ही प्रश्न नेमके होते. मला त्या दिवशी धड एकाचंही उत्तर देता आलं नाही. आता मी त्याच क्षेत्रात काम करते, दरवर्षी एक-दोन स्कॉलर आमच्याकडे तीन महिन्यांसाठी येतात आणि त्यांच्या घरून हेच प्रश्न येतात. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आधी एक शब्दाचा घोळ. बाहेरच्या देशांत याला 'प्रोफेशनल प्लेसमेंट' म्हणतात. आपल्याकडे प्लेसमेंट म्हटलं की कॅम्पसवर आलेली कंपनी, ऑफर लेटर आणि पॅकेज. ते इथे नाही. इंटर्नशिप म्हणावं तर इंजिनीअरिंगच्या पोरांची उन्हाळी सुट्टी नाहीतर एमबीबीएसनंतरचं वर्ष डोळ्यांसमोर येतं. आपण साधं 'बाहेरचं काम' म्हणू. विज्ञानात पीएचडी करणाऱ्याने मध्येच काही आठवडे विद्यापीठाबाहेरच्या एखाद्या ठिकाणी जायचं, तिथलं खरं काम करायचं आणि परत येऊन थिसिस पूर्ण करायचा. नोकरी लागत नाही, पीएचडी सुटत नाही.

आता पीएचडी म्हणजे काय, हेही दोन ओळींत सांगायला हवं, कारण पुष्कळ घरांत अजून 'एमएस्सीनंतरचं शिक्षण' एवढीच कल्पना असते. विज्ञानातल्या पीएचडीत वर्ग फार थोडे. सुरुवातीला कोर्सवर्क, मग काही वर्षं एकाच प्रश्नामागे लॅबमध्ये उभं राहायचं. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ६. नेट ही राष्ट्रीय परीक्षा देऊन जेआरएफ ही सरकारी फेलोशिप मिळाली असेल तर १ जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी सीनियर फेलो झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं भत्ता. कागदावर बरं दिसतं. ते दर महिन्याला वेळेवर येतंच असं नाही, हे कुठल्याही लॅबमध्ये विचारून पाहा.

एवढी वर्षं आपण ज्या माणसांत वावरतो ती सगळी एकाच वाटेवरची. गाईड प्राध्यापक, गाईडचे गाईड प्राध्यापक, सेमिनारला येणारे पाहुणे प्राध्यापक. त्यामुळे चांगला स्कॉलर म्हणजे पुढे पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं काही वर्षांचं संशोधन), मग प्राध्यापक, हे कुणी न सांगताच डोक्यात बसतं. आकडे वेगळंच सांगतात. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने २०१०च्या एका अहवालात तिथल्या विज्ञानातल्या पीएचडीधारकांचा पुढचा प्रवास मांडला होता. निम्म्याहून जास्त लोक पीएचडी झाल्या झाल्या विज्ञानाबाहेरच्या कामांत गेलेले. प्रोफेसरपदापर्यंत पोचणारे ०.४५ टक्के, म्हणजे दोनशेत एक जेमतेम. ते आकडे तिथले. पण माझ्या काळात आमच्या लॅबमधून सातजण बाहेर पडलो, त्यातला शिकवतो एकच. बाकीचे औषध कंपन्यांत, एक स्पर्धा परीक्षा देऊन सरकारी खात्यात, एकीचा स्वतःचा साबणांचा धंदा. आणि सातहीजणांना आयुष्यातल्या सगळ्यात महागड्या पाच-सहा वर्षांत फक्त त्या एका वाटेसाठी तयार केलेलं.

बाहेरच्या कामाची कल्पना या फटीतून आली. ब्रिटनमध्ये जीवशास्त्राच्या संशोधनाला पैसा पुरवणारी बीबीएसआरसी नावाची सरकारी संस्था आहे. २०१२मध्ये तिने आपल्या नव्या डॉक्टरल योजनेत तीन महिन्यांचं बाहेरचं काम सक्तीचं केलं आणि त्याला अशी अट घातली की ऐकल्यावर पहिल्यांदा विचित्रच वाटते: हे काम तुमच्या संशोधनाच्या विषयाशी संबंधित नसलं पाहिजे. गव्हाच्या रोगांवर पीएचडी करणारी मुलगी पेटंटच्या ऑफिसात, शाळेत, वर्तमानपत्रात, संसदेच्या विज्ञान कचेरीत जाईल. गव्हाच्या बियाण्यांच्या कंपनीच्या लॅबमध्ये जाऊन तेच प्रयोग करणार नाही. या काळात तिची शिष्यवृत्ती चालूच राहते.

ही अट का, हे समजलं की अर्ध प्रकरण समजलं.

विषय तोच असला तर तीन गोष्टी होतात. एक, गाईडला वाटतं आपल्या लॅबची एक शाखा निघाली, तो फोन करून विचारतो, "ते चार सॅम्पल तिकडच्या मशीनवर चालवून घेशील का?" दोन, कंपनीला तुमच्या थिसिसमधल्या माहितीवर हक्क सांगता येतो. मग कुठला निकाल कुणाचा, कुठला छापायचा, कुठला दाबून ठेवायचा, यावर वकील बसतात आणि थिसिस लटकतो. तिसरी गोष्ट सगळ्यात साधी: तुम्ही नवीन काहीच शिकत नाही. पिपेट तोच, फक्त टेबल दुसऱ्याचं.

याचा अर्थ विषयातलं काम वाईट असा नाही, तो प्रकार वेगळा आहे एवढंच. फ्रान्समध्ये १९८१पासून सिफ्र नावाची योजना आहे, तिथे कंपनीच विद्यार्थ्याला नोकरीवर घेते आणि पीएचडीचा विषयही कंपनीच्या गरजेतून ठरतो. आपल्याकडे पंतप्रधानांच्या नावाची डॉक्टरल संशोधन फेलोशिप त्याच जातीची, निम्मा पैसा सरकारचा, निम्मा उद्योगाचा. (आयआयटीवाल्यांची पीएमआरएफ ती वेगळी. नावात पंतप्रधान दोन्हीकडे, त्यामुळे फॉर्म भरताना दरवर्षी कुणीतरी फसतं.) अमेरिकेत एनएसएफच्या, म्हणजे विज्ञानाला पैसा पुरवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेच्या, पैशावर शिकणाऱ्यांना सहा महिन्यांपर्यंत विद्यापीठाबाहेर जायला वेगळा निधी मिळू शकतो. मी मात्र इथे त्या बारा आठवड्यांच्या, विषयाबाहेरच्या कामाबद्दलच लिहिते आहे, कारण आपल्याकडे त्याचीच कल्पना लोकांना कमी आहे. शिवाय मी केलं ते तेच.

आलं घातलेला चहा

माझी पीएचडी ऑरगॅनिक केमिस्ट्रीतली. दिवसभर रिॲक्शन लावायची, टीएलसीच्या पट्टीवर ती कुठवर आली ते बघायचं, कॉलम (मिश्रण वेगळं करायची काचेची नळी) चालवायचा. फोर्टातल्या ऑफिसात पहिल्या दिवशी मला एक जुनं औषधाचं पेटंट दिलं आणि सांगितलं, "केमिस्ट्री वाचू नकोस. शेवटची दोन पानं वाच."

शेवटी असतात 'क्लेम्स', म्हणजे या शोधातलं नेमकं कुठपर्यंतचं कुंपण माझं, हे सांगणारी क्रमांकवार वाक्यं. मी वाचली. सगळं ओळखीचं: हे संयुग, तो क्षार, अमुक टक्के. अर्ध्या तासात झालं म्हणून सांगितलं. आमच्या सीनियर बाई गालात हसल्या आणि एका शब्दावर पेन्सिल टेकवली. तिथे 'कम्प्रायझिंग' लिहिलं होतं. खाली दुसऱ्या क्लेममध्ये 'कन्सिस्टिंग ऑफ'.

"यातला फरक सांग."

मी म्हटलं, काही नाही, दोन्हीचा अर्थ 'यांचं मिळून बनलेलं'.

त्यांनी समोरचा कटिंगचा ग्लास उचलला. "समज, कुणी चहाचं पेटंट घेतलं. पाणी, दूध, साखर, चहापत्ती. वाक्यात 'कम्प्रायझिंग' लिहिलंय. तू त्यात आलं घातलंस आणि विकायला बसलीस. सुटलीस का?"

"सुटले की. माझ्या चहात आलं आहे."

"नाही सुटलीस. 'कम्प्रायझिंग' म्हणजे हे चार तर आहेतच, वर आणखी काहीही असो. तुझा आल्याचा चहासुद्धा त्याच्या कुंपणात. आता 'कन्सिस्टिंग ऑफ' असतं तर? म्हणजे हे चारच, पाचवं नाही. आलं घातलंस की तू कुंपणाबाहेर."

एका शब्दाने कुंपण हलतं. औषधाच्या धंद्यात त्या शब्दावर वर्षानुवर्षं खटले चालतात. मी चार वर्षं संशोधनाचे पेपर वाचत होते, पण वाक्य असं वाचायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पेपरमध्ये आपण 'काय सापडलं' ते शोधतो. इथे 'काय सोडलंय' ते शोधायचं.

दुसरी गोष्ट कळली ती थोडी जिवाला लागणारी. एका प्राध्यापकांचा शोध पेटंटसाठी आमच्याकडे आला होता. चांगला होता. माझं काम होतं आधी असं काही जगात छापून आलंय का ते शोधायचं, त्याला 'प्रायर आर्ट' म्हणतात. दोन दिवस परदेशी पेटंटं चाळली, काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी सहज शोधगंगेवर बघितलं. शोधगंगा म्हणजे भारतातल्या विद्यापीठांचे थिसिस जिथे सगळ्यांना वाचायला ठेवलेले असतात ती वेबसाइट. तिथे त्याच प्राध्यापकांच्या विद्यार्थ्याचा थिसिस. चौथ्या प्रकरणात सगळी कृती, तापमानासकट. पेटंट मिळायला शोध नवा हवा, आणि जगाला तो आधीच सांगून झालेला. स्वतःच सांगितला असला तरी कायद्याच्या लेखी तो सांगितलाच. काही थोडके अपवाद आहेत, त्यात हे बसत नव्हतं. ते प्राध्यापक फोनवर बराच वेळ गप्प होते.

माझ्या स्वतःच्या लॅबमध्ये तोवर आम्ही परिषदेत पोस्टर आधी लावायचो आणि पेटंटचा विचार नंतर करायचो. केलाच तर.

जाता जाता: पेटंट एजंट, म्हणजे दुसऱ्यांसाठी पेटंटचे अर्ज करणारा, व्हायला वकील असावं लागत नाही. विज्ञान किंवा इंजिनीअरिंगची पदवी, वय २१ पूर्ण, भारतीय नागरिकत्व, आणि पेटंट ऑफिसची परीक्षा. मुंबईचं सरकारी पेटंट ऑफिस अँटॉप हिलला आहे. आमच्या आधीच्या लॅबपासून बसने वीस मिनिटं. चार वर्षांत आमच्यापैकी कुणी त्या इमारतीकडे मान वळवून बघितलं नव्हतं.

पंगतीच्या पातेल्यातला भात

माझा लॅबमधला मित्र त्याच सुमारास अंबरनाथच्या एका केमिकल प्लांटमध्ये गेला. थिसिसच्या विषयाचं काम नव्हतं; त्याला फक्त बघायचं होतं की आपण फ्लास्कमध्ये करतो ते कारखान्यात कसं होतं. पहिल्या आठवड्यात त्याने शिफ्ट इन्चार्जना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, "ही रिॲक्शन मी दहा मिनिटांत करतो. तुम्ही सात तास का लावता?"

इन्चार्ज डिप्लोमावाले, पंचवीस वर्षं प्लांटवर. त्यांनी विचारलं, "घरी वाटीभर भात किती वेळात निवतो? आणि पंगतीच्या पातेल्यातला?"

हे फार नेमकं उत्तर आहे, म्हणून जरा थांबून सांगते. काही रिॲक्शनमध्ये उष्णता बाहेर पडते. १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये ती उष्णता काचेतून बर्फात निघून जाते. आता तेच १०० लिटरच्या रिॲक्टरमध्ये करा. भांडं लांबी-रुंदी-उंचीत १० पट मोठं, म्हणजे आतला माल १,००० पट. पण उष्णता निघते ती भांड्याच्या भिंतीतून, आणि भिंत वाढली फक्त १०० पट. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला थंड व्हायला जागा दहावा हिस्सा. दहा मिनिटांत सगळं ओतलं तर आत तापमान चढत जाईल, तापमान चढलं की रिॲक्शन आणखी जोरात, आणखी उष्णता. त्याला रनअवे म्हणतात आणि ते झालं की बातमी येते. म्हणून थेंब थेंब, सात तास.

गणित आठवीतलं आहे. मित्राला येत होतंच. पण त्याच्या सगळ्या आयुष्यात भांडं कधी मोठं झालं नव्हतं.

तिथे तो दुसरी एक गोष्ट शिकला, ती म्हणजे लिहिणं. लॅबमध्ये आपण रात्री आठवून डायरी भरतो. प्लांटवर बॅच रेकॉर्डमध्ये वेळेच्या वेळी, शाईने, खाडाखोड झालीच तर एक रेघ मारून बाजूला सही. लिहिलेलं नाही म्हणजे झालेलं नाही. परत आल्यावर त्याने आपली लॅबची डायरी त्याच पद्धतीने लिहायला घेतली, आणि आम्ही त्याला महिनाभर 'क्यूए काका' (क्यूए म्हणजे कारखान्यातला गुणवत्ता बघणारा विभाग) म्हणून हैराण केलं.

बाकी ठिकाणंही आहेतच. मुंबईत विज्ञानाचं जाळं इतकं दाट आहे की लोकल-बसमधून नुसतं चढा-उतरायचं. मानखुर्दला विज्ञानशिक्षणाचं होमी भाभा केंद्र, चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद, वरळीला नेहरू सायन्स सेंटर, पवईला आयआयटीच्या आवारात स्टार्टअपना हात देणारी साइन. प्रत्येक ठिकाणी स्कॉलरसाठी ठरलेली योजना असेल असं समजू नका. पत्र लिहून, भेटून विचारावं लागतं. फिजिक्समधली माझी एक मैत्रीण शाळकरी मुलांसाठी प्रयोग तयार करायला गेली होती. ती म्हणते, व्हायवा सोपा होता, आठवीतल्या मुलाने "पण का?" असं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा घाम फुटला.

लिहिण्याची आवड असेल तर घरबसल्याही थोडं होतं. केंद्राच्या विज्ञान विभागाने २०१८मध्ये 'अवसर' नावाची योजना काढली, त्यात पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी आपलं संशोधन सामान्य वाचकाला कळेल असं लिहायचं आणि निवडक लेखांना बक्षीस. अर्थात लेख लिहिणं म्हणजे बाहेर जाणं नव्हे. बाहेर गेलं की दुसऱ्यांची घाई, दुसऱ्यांचा साहेब आणि दुसऱ्यांचा पैसा, तिन्ही अंगावर येतात.

गाईड, एनओसी आणि पाऊस

आता आत्याचा पैशाचा प्रश्न. सरकारी फेलोशिप घेत असताना दुसरीकडून पगार घेता येत नाही, हा सरळ नियम. मग दोनच वाटा उरतात. एक, फेलोशिप चालू ठेवून बाहेर बिनपगारी काम, त्यासाठी गाईड, विभागप्रमुख, संस्था आणि फेलोशिप देणारे, सगळ्यांची लेखी परवानगी. दुसरी, तेवढ्या काळाची फेलोशिप सोडायची. हक्काची रजा वर्षाला साधारण ३० दिवस, त्यात तीन महिने बसत नाहीत. माझं पहिल्या वाटेने झालं, आणि त्या एनओसीवर पाच सह्या होत्या. पाचवी सही ज्या टेबलावर अडकली तिथे मी अकरा दिवस रोज जात होते. अकराव्या दिवशी कळलं की कागद दुसऱ्याच दिवशी सही होऊन फायलीत लागला होता, फक्त मला सांगायचं राहिलं होतं.

ब्रिटनच्या योजनेतलं घेण्यासारखं काय, तर हे. तिथे बाहेरचं काम मुळातच चार वर्षांच्या हिशेबात धरलेलं असतं, त्यामुळे कुणाकडे मेहेरबानी मागावी लागत नाही. आपल्याकडे यूजीसीच्या २०२२च्या नियमांत सगळ्या स्कॉलरना शिकवण्याचं आणि लिहिण्याचं प्रशिक्षण घ्यायला सांगितलंय, आठवड्याला चार ते सहा तास शिकवण्याचं किंवा संशोधनात मदतीचं काम देता येतं. म्हणजे 'स्कॉलरने लॅबबाहेरचंही काही शिकावं' हे तत्त्व मान्य आहे. पण ते 'बाहेर' अजून वर्गाच्या दारापाशी थांबतं.

गाईडचं काय? माझ्या सरांचा चेहरा पडला होता. "तुझा तिसरा पेपर अर्धा आहे. आता तीन महिने? अगं, तू गेल्यावर तो एनएमआर मशीनचा स्लॉट कोण सांभाळणार?" मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्यांच्या बाजूनेही बघायला हवं. त्यांचा प्रोजेक्ट तीन वर्षांचा, तीन महिने म्हणजे त्याचा बारावा हिस्सा, आणि हाताखाली तेव्हा मोजकेच स्कॉलर. शिवाय त्यांनी स्वतः बाहेर कधी काम केलेलं नाही, तर त्याचा उपयोग त्यांना कुठून दिसणार? म्हणून गाईडकडे जाताना "मला जायचंय" एवढंच घेऊन जाऊ नये. कुठले प्रयोग जाण्याआधी संपवणार, काय कुणाकडे सोपवणार, परत कुठल्या तारखेला, हे एका पानावर लिहून न्यावं. मी पहिल्यांदा न लिहिता गेले होते. दुसऱ्यांदा पान घेऊन गेले. सर ते पान वाचत असताना बोलले नाहीत, पण पेन बाहेर काढलं.

कधी जायचं, याला विषयाप्रमाणे उत्तर बदलतं. पहिलं वर्ष कोर्सवर्क आणि विषय पक्का करण्यात जातं, ते सोडा. शेवटचे सहा महिनेही नकोत, तेव्हा माणूस थिसिसच्या फॉरमॅटिंगमध्ये बुडालेला असतो आणि बाहेरच्या लोकांच्याही कामाचा नसतो. मधलं काहीतरी बघावं. पेशी वाढवणारे लोक जाण्याआधी त्या द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर गोठवून ठेवू शकतात. परत आल्यावर जाग्या करता येतात. उंदरांवर काम असेल तर रोज बघणारा माणूस लागतो. झाडांवर असेल तर हंगाम हातचा जातो. आणि आम्हा ऑरगॅनिकवाल्यांसाठी तर देवाने पावसाळा दिलेला आहे. मुंबईच्या हवेत जुलैमध्ये ग्रिग्नार्ड नावाची रिॲक्शन लावून बघा! तिला ओलावा अजिबात चालत नाही, सगळं साहित्य भट्टीत वाळवलं तरी रुसून बसते. दर वर्षी आमचे दोन महिने नुसते शिव्या घालण्यात जायचे. म्हणून मी जुलै ते सप्टेंबर निवडले, स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन. मग पहिल्याच आठवड्यात सायन-कुर्ल्याला पाणी भरलं आणि डोंबिवलीहून फोर्टाला जाणं म्हणजे काय ते समजलं. लॅबमध्ये निदान उशिरा गेलं तर चालायचं.

थोडं सावधगिरीचं. मला भेटलेली एक मुलगी एका कंपनीत तीन महिने 'रिसर्च इंटर्न' म्हणून गेली आणि आठ आठवडे जुनी बिलं एक्सेलमध्ये भरत बसली. प्रमाणपत्र छान छापलेलं मिळालं. हे टाळायचं तर जाण्याआधी विचारून घ्यावं: मी काय करणार, कुणाच्या हाताखाली, आणि शेवटी माझ्या हातून काय तयार होणार? एखादा अहवाल, शोधयादी, प्रयोगसंच, काहीतरी एक ठोस. समोरच्याला हे सांगता येत नसेल तर त्याने तुमच्यासाठी काम ठरवलेलंच नाही. मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेणारा, बॉण्ड मागणारा, किंवा "येताना तुमच्या लॅबचा थोडा डेटा घेऊन या" म्हणणारा भेटला तर सरळ नमस्कार करून निघावं. गोपनीयतेचा करार मात्र मागतीलच, त्यात गैर काही नाही. फक्त सही करण्याआधी 'या काळातलं माझं सगळं संशोधन' असली ऐसपैस भाषा त्यात नाही ना, हे बघावं. तुमचा थिसिस त्या कुंपणात जाता कामा नये. (बघा, 'कम्प्रायझिंग' इथेही आलंच.)

राहिला आत्याचा तिसरा प्रश्न: जातेस कशाला? मी तिला पुढे कधीतरी असं सांगितलं: आत्या, तू बँकेत लागलीस तेव्हा कॅश, क्लिअरिंग, लोन, सगळीकडे फिरवून मग एका टेबलावर बसवलं ना? आम्हाला सहा वर्षं एकाच टेबलावर बसवतात आणि सातव्या वर्षी म्हणतात, आता तुझं तू बघ. हे तिला लगेच पटलं.

पण मला स्वतःला जे मिळालं ते थोडं वेगळं होतं. मी समजत होते की मला फक्त केमिस्ट्री येते. ऑफिसात कळलं की चारशे पानांच्या ढिगातून नेमकी ओळ शोधणं, जे सापडलं नाही ते 'सापडलं नाही' म्हणून प्रामाणिकपणे लिहिणं, आठ वेळा फसलेली गोष्ट नवव्यांदा शांतपणे करणं, हे सगळ्यांना येत नाही. लॅबमध्ये ते सगळ्यांनाच येतं, म्हणून तिथे त्याला कुणी विचारत नाही. उलट दुपारी चारपर्यंत हवंय म्हणजे चारपर्यंतच हवंय, नव्वद टक्के खात्री असली तरी उत्तर द्यायचंय, हे मला अजिबात येत नव्हतं. पहिले दोन अहवाल मी उशिरा दिले आणि दोन्ही वेळा बाईंनी काही न बोलता माझ्याशिवाय क्लायंटला पाठवून दिले. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परत आल्यावरचे दोन आठवडे वाईट गेले. हात बसेना. पहिल्याच कॉलमला तडा गेला. माझ्या हुडखाली (वाफा ओढून घेणारं कपाट) दुसऱ्याच कुणाच्या बाटल्या. लॅबमधल्या मामांनी तेवढी माझी काचेची भांडी धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून, चिठ्ठी लावून ठेवली होती. ऑक्टोबर उजाडला, हवा कोरडी पडायला लागली, ग्रिग्नार्ड लागली. अर्धवट राहिलेला पेपर डिसेंबरमध्ये गेला. न जाता केला असता तर कदाचित ऑक्टोबरमध्ये गेला असता.

ग्रुप मीटिंगमध्ये सरांनी मला दहा मिनिटं बोलायला दिली. मी चहाचं उदाहरण सांगितलं. शोधगंगेवर सापडलेल्या त्या थिसिसची गोष्ट नावगाव गाळून सांगितली. सर काही बोलले नाहीत, वहीत काहीतरी लिहिलं. पुढच्या महिन्यात माझ्या ज्युनिअरचं पोस्टर जाणार होतं, ते त्यांनी थांबवलं आणि मला म्हणाले, "हे एकदा तू बघ. आपण काही आधीच सांगून टाकत नाही ना?"

मला लॅब सोडून आता बरीच वर्षं झाली. कुठल्याही कॉन्फरन्सला ॲब्स्ट्रॅक्ट पाठवायच्या आधी सर अजून फोन करतात. डेडलाईनच्या आदल्या रात्री, साडेअकरानंतर.